औषधाचे खोके आणि इतरांची कामे पाहण्याची रीत

ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या ज्या छोट्या स्टुडिओत मी काम करते, तिथे मुख्यतः औषधांची खोकी, बाटल्यांची लेबले, गोळ्यांच्या पट्टीवरची फॉइल आणि खोक्यात घडी घालून ठेवतात ती माहितीपत्रके तयार होतात. या कामाला कोणी कला म्हणत नाही आणि तसे म्हणवून घेण्याची आम्हाला फारशी हौसही नाही. तरीही नवे काम आले की आमच्याकडची तरुण मुले-मुली सर्वांत आधी जगभरातल्या डिझाइनरांची कामे स्क्रीनवर उघडून बसतात आणि त्याला प्रेरणा शोधणे म्हणतात. इतरांची कामे पाहण्याला माझा विरोध असण्याचे कारण नाही, कारण मी स्वतः तेच करत आले आहे. माझी तक्रार पाहण्याच्या रीतीबद्दल आहे. त्या चित्रांत बाटली असते, तिची मऊ सावली असते, मागे फिकट रंगाची भिंत असते. मात्र ती बाटली उघडणारा माणूस कुठेच नसतो. त्यामुळे तिथून उचलले जाते ते केवळ रूप, आणि मग सांधेदुखीच्या मलमाचे खोके महागड्या अत्तराच्या खोक्यासारखे दिसू लागते.

ज्या कामांकडे मी पुन्हा पुन्हा वळते, त्यांत डिझाइनरासमोर नेमके कोण उभे होते आणि त्या माणसाची अडचण कोणती होती, हे वस्तूवरूनच ओळखू येते. एकदा ती अडचण कळली की रंग, आकार आणि अक्षरे यांमागची कारणे आपोआप उलगडत जातात, आणि उचलण्याजोगे जे असते ते तिथेच सापडते.

आमच्या धंद्याला सर्वांत जवळचे उदाहरण डेबोरा ॲडलर यांचे आहे. त्या न्यूयॉर्कमध्ये डिझाइनचे पदव्युत्तर शिक्षण घेत असताना त्यांच्या आजीने चुकून आजोबांच्या नावाचे औषध घेतले. दोघांच्या बाटल्या एकसारख्या, दोघांच्या नावांचे आद्याक्षर एकच आणि औषधही एकच होते. फरक होता तो मात्रेचा. अमेरिकेत तेव्हा औषधविक्रेता गोळ्या मोजून केशरी-तपकिरी गोल बाटलीत भरून देत असे आणि त्या बाटलीवरच्या लेबलात सर्वांत ठळक काय असे, तर दुकानाचे बोधचिन्ह. औषध कोणते, कोणाचे आणि किती घ्यायचे, हे खाली बारीक अक्षरांत दाटीवाटीने बसवलेले असे. ॲडलर यांनी हा विषय आपल्या प्रबंधासाठी घेतला आणि पुढे टार्गेट या दुकानसाखळीने औद्योगिक डिझाइनर क्लाउस रोसबुर्ग यांच्या साहाय्याने २००५ साली ती बाटली बाजारात आणली.

त्या बाटलीचा एकेक निर्णय पाहण्यासारखा आहे. गोल बाटलीवर लेबल वाचायचे तर बाटली फिरवत राहावे लागते, म्हणून तिला सपाट बाजू दिली. बाटली टोपणावर उलटी उभी राहते, त्यामुळे औषधाचे नाव तिच्या माथ्यावर छापता आले आणि खणात ठेवलेल्या बाटल्या वरूनच ओळखता येऊ लागल्या. घरातल्या प्रत्येकासाठी वेगळ्या रंगाचे रबरी कडे बाटलीच्या मानेवर चढवले, म्हणजे आजीचा रंग निराळा आणि आजोबांचा निराळा. लेबलावर एक आडवी रेघ ओढून रुग्णाला लागणारा मजकूर तिच्या वर घेतला आणि दुकानाला लागणारा मजकूर खाली ठेवला. माहितीचे कार्ड लेबलामागच्या खाचेत सरकवले. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात आज ही बाटली आहे. मला मात्र तिच्या संग्रहालयात जाण्यापेक्षा त्या एका आडव्या रेघेचे अधिक अप्रूप वाटते. ती रेघ ओढायला काहीही खर्च येत नाही. ती कुठे ओढायची हे ठरवण्यासाठी मात्र, हा कागद नक्की कोण वाचणार, या प्रश्नाचे उत्तर आधी द्यावे लागते. २०१५ साली टार्गेटची औषधविक्री दुसऱ्या कंपनीने विकत घेतली आणि त्यानंतर ही बाटली बंद झाली. चांगली वस्तू टिकतेच असे नाही, हेही तिच्याकडून शिकायला हरकत नाही.

आपल्याकडे बाटलीऐवजी पट्टी असते आणि दुखणे वेगळे असते. नौपाड्यातल्या कोणत्याही औषधाच्या दुकानात सायंकाळी उभे राहिले तर दहाच्या पट्टीतल्या चार गोळ्या कात्रीने कापून देताना दिसतील, आणि त्यात गैर काही नाही. महिन्याअखेरीस पूर्ण पट्टी घेणे सगळ्यांना परवडत नाही. मात्र बॅच क्रमांक आणि वापराची अंतिम तारीख पट्टीच्या एकाच टोकाला असते आणि ते टोक बहुधा दुकानातच राहते. कधी कधी औषधाचे नावही कात्रीत मधोमध सापडते. अंतिम तारीख पॅकिंगच्या वेळी यंत्रावर छापली जाते, त्यामुळे तिच्यावर आर्टवर्क करणाऱ्याचा ताबा फारसा नसतो. नाव मात्र फॉइलवर कितीदा आणि कोणत्या अंतराने यावे हे आम्हीच ठरवतो. प्रत्येक गोळीच्या पाठीमागे नाव आणि मात्रा पूर्ण वाचता येईल असा रिपीट, म्हणजे फॉइलवर पुन्हा पुन्हा येणारा नमुना, बसवायचा तर नाव दोन ओळींत तोडावे लागते, कंपनीचे चिन्ह लहान करावे लागते, आणि कंपनीच्या मार्केटिंगवाल्यांना ते पटत नाही. अशा वेळी मी ॲडलर यांच्या बाटलीची छायाचित्रे दाखवत नाही. त्याऐवजी कापलेल्या पट्टीचा एक तुकडा टेबलावर ठेवते आणि हे औषध कोणते ते सांगा, असे विचारते.

वस्तू घडवणाऱ्यांपैकी केनजी एकुआन यांचे नाव मी प्रत्येक नव्या मुलाला सांगते. किक्कोमान या जपानी कंपनीची सोया सॉसची काचेची बाटली त्यांनी १९६१ साली घडवली. मोठ्या जड बाटलीतून जेवणाच्या टेबलावरच्या लहान भांड्यात सॉस ओतताना आईची होणारी ओढाताण त्यांनी लहानपणी पाहिली होती. ओतणे थांबवले की शेवटचा थेंब बाहेरून ओघळतो आणि बाटली चिकट होते, ही अडचण तर जगातल्या प्रत्येक स्वयंपाकघरातली आहे. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे तीन वर्षांत शंभरावर नमुने करून पाहिले आणि शेवटी तोटीचे टोक खालच्या बाजूने आत तिरके कापले, त्यामुळे थेंब बाहेर न पडता मागे फिरतो. लाल टोपणाची आणि पाण्याच्या थेंबाच्या आकाराची ती बाटली सर्वजण सुंदर म्हणून ओळखतात. माझ्या दृष्टीने तिचे सारे सौंदर्य त्या तिरक्या कापात आहे. आपल्या घरांत पिशवीतले तेल बुधलीत ओतताना कट्ट्यावर जे वर्तुळ उमटते, ते पाहिले की मला अजूनही त्या तीन वर्षांची आठवण होते.

चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझाइनर दांपत्याने भारत सरकारसाठी १९५८ साली जो अहवाल लिहिला आणि ज्याच्या पाठोपाठ अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ साली उभी राहिली, त्यात त्यांनी आपल्या तांब्याबद्दल लिहिलेला भाग या क्षेत्रातल्या प्रत्येकाने वाचलेला असतो. भारतात पाहिलेल्या वस्तूंपैकी तांब्या ही कदाचित सर्वांत श्रेष्ठ वस्तू असावी, असे त्यांचे मत होते. तिथे त्यांनी तांब्याची स्तुती फार केलेली नाही. तांब्या नव्याने घडवायचा झाला तर काय काय विचारावे लागेल, याची एक लांबलचक यादी दिली आहे: पाणी किती मावावे, उचलणारा हात केवढा, डोक्यावरून न्यायचा की कमरेवरून, रिकामा असताना तोल कुठे आणि भरलेला असताना कुठे, आतून घासता येईल का, दुसऱ्या भांड्यावर आपटला तर आवाज कसा येतो, आणि अगदी मोडीत काढला तर किती पैसे येतील. हा आकार कोणा एकाने ठरवलेला नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी तो ठरत गेला, हे त्यांनी स्पष्टच म्हटले आहे. जांभळी नाक्याच्या बाजारातल्या भांड्यांच्या दुकानात उभे राहून ही यादी मनात चालवली तर दहा मिनिटांत जे समजते, ते स्क्रीनवरच्या हजार चित्रांनी समजत नाही. नव्या मुलांना मी खरोखरच तिथे पाठवते. काही जण कंटाळून लवकर परततात, तेही ठीक आहे.

अक्षरांबद्दल मला थोडे अधिक लिहायचे आहे, कारण औषधाच्या खोक्यावर मराठी मजकूर आला की त्याची जी अवस्था होते ती पाहवत नाही. इंग्रजी मजकूर आधी बसवून घेतात आणि उरलेल्या जागेत देवनागरी कोंबतात. देवनागरीला शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा आणि रफार यांसाठी व खाली उकारांसाठी जागा लागते, त्यामुळे रोमन लिपीचे ओळींमधले अंतर तिला पुरत नाही. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो आणि छपाईत दोन्हींचा काळा ठिपका होतो. यावरचा उपाय मला रघुनाथ कृष्ण जोशी यांच्या कामात दिसला. कवी, सुलेखनकार, जाहिरात क्षेत्रातले कलादिग्दर्शक आणि आयआयटी मुंबईतल्या औद्योगिक डिझाइन केंद्रातले शिक्षक, अशी त्यांची बहुविध ओळख होती. विंडोज वापरणाऱ्या कोट्यवधी लोकांनी मात्र त्यांचे जे काम पाहिले ते म्हणजे मंगल हा फाँट. मंगल दिसायला रूक्ष आहे, असे माझ्या सहकाऱ्यांपैकी बरेच जण म्हणतात, आणि लग्नपत्रिकेवर तो शोभणार नाही हे खरेच आहे. पण त्या काळच्या संगणकाच्या पडद्यावर एकेका अक्षराला मोजकेच ठिपके मिळत; तेवढ्यात जोडाक्षर ओळखू यावे आणि मात्रा सुटी राहावी, यासाठी जे सोसावे लागले त्यातून ते रूप आले आहे. खोक्यावरच्या बारीक मजकुराची अडचण नेमकी हीच असते. अक्षरातली पोकळी मोकळी ठेवा, गाठी शाईने भरू देऊ नका, आणि जागा कमी असेल तेव्हा अक्षर दाबण्यापेक्षा मजकूर कमी करा, हे मी मंगलकडे पाहून शिकले.

त्याच्या दुसऱ्या टोकाला कमल शेडगे. वृत्तपत्रातल्या नाटकांच्या जाहिरातींत त्यांनी घडवलेली शीर्षके आमच्या पिढीने नाटक पाहण्याआधी पाहिली. रंग नाही, चित्र नाही, वृत्तपत्राचा खरखरीत कागद आणि दोन-तीन स्तंभांची रुंदी एवढ्यातच नाटक गंभीर आहे की फार्स, हे अक्षराच्या वळणावरून कळत असे. गडकरी रंगायतनच्या बाहेर लागलेल्या फलकांवरची अक्षरे निरखत थांबणारी माणसे मी पाहिली आहेत आणि त्यांपैकी एक मी स्वतः होते. शेडगे २०२० साली गेले. नवी मुंबईत सुलेखनाची शाळा चालवणारे अच्युत पालव यांनी मोडी लिपीच्या अभ्यासातून जे उभे केले ते निराळ्या वाटेचे आहे; त्यांच्या हातात बोरू किंवा रुंद कुंचला असताना अक्षराची जाडी कुठून येते हे प्रत्यक्ष पाहता येते. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या छपाईच्या गल्लीतही त्याचा आनंद झाला. सुलेखनाचा औषधाच्या लेबलाशी थेट संबंध नाही, पण ज्याला बोरूने काढलेला पाकळीचा ‘ल’ एकदा कळला, तो यंत्राने ताणून रुंद केलेले अक्षर खोक्यावर जाऊ देणार नाही.

पवई ठाण्यापासून फार दूर नाही, त्यामुळे आयआयटीच्या त्या केंद्राचा उल्लेख आमच्याकडे वारंवार होतो. १९६९ साली ते सुरू करणारे सुधाकर नाडकर्णी मुंबईच्या जे. जे. कलाविद्यालयातून निघून जर्मनीतल्या उल्म इथल्या डिझाइन विद्यालयात शिकून आले होते. त्याच केंद्रातून शिकलेल्या डी. उदय कुमार यांचे काम तर आमच्या प्रत्येक खोक्यावर छापले जाते, कारण कमाल किरकोळ किमतीपुढे रुपयाचे जे चिन्ह येते ते त्यांनी घडवलेले आहे. जुलै २०१० मध्ये सरकारने ते स्वीकारले. देवनागरीतला ‘र’ आणि रोमन लिपीतले ‘आर’ एकाच आकारात ओळखू यावेत आणि वर शिरोरेषा राहावी, ही कल्पना आज इतकी स्वाभाविक वाटते की ती कोणाला तरी सुचावी लागली हेच विसरायला होते. त्याच वर्षी युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, त्याला क्रमांक मिळाला, पण जुन्या फाँटांत ते नव्हतेच, आणि पुष्कळ दिवस प्रूफवर, म्हणजे तपासणीच्या छापील प्रतीवर, त्याच्या जागी रिकामा चौकोन येत असे. चिन्ह कितीही नेमके असले तरी ते प्रत्येक फाँटात, प्रत्येक कळफलकावर आणि बॅच आणि किंमत छापणाऱ्या प्रत्येक यंत्रात पोहोचवणे हा कामाचा कंटाळवाणा आणि फार मोठा भाग असतो. पुरस्कारांच्या पुस्तकांत तो भाग छापत नाहीत.

डीटर राम्स या जर्मन डिझाइनरांविषयी थोडक्यात लिहिते, कारण त्यांच्याबद्दल सगळेच लिहितात. ब्राउन कंपनीसाठी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली कामे पाहून मुले पांढरे, रिकामे खोके करायला निघतात. आमच्या खोक्यावर कायद्याने किती मजकूर यावा लागतो हे पाहिले तर रिकामेपणाचा विचार सोडूनच द्यावा लागतो. राम्स आणि डीट्रिख लुब्स यांच्या १९८७ सालच्या गणनयंत्राकडे पाहावे ते तिथल्या मोकळ्या जागेसाठी नाही. त्याच्या कळा फुगीर आहेत, म्हणजे एका कळेवर ठेवलेले बोट शेजारच्या कळेवर घसरत नाही. आणि बरोबरच्या चिन्हाची (=) कळ तेवढी पिवळी आहे, कारण प्रत्येक हिशेब तिथेच संपतो. गर्दीच्या खोक्यात एकच गोष्ट पिवळी करायची असेल तर कोणती, हा प्रश्न आम्हाला तिथून मिळतो, आणि माझे उत्तर नेहमी औषधाची मात्रा हेच असते.

कायद्याने ठरवलेल्या चिन्हांकडेही डिझाइन म्हणून पाहायला हवे, असे माझे मत आहे. खाद्यपदार्थांवरच्या शाकाहारी हिरव्या ठिपक्याशेजारी मांसाहारी पदार्थासाठी तसाच तपकिरी ठिपका अनेक वर्षे चालला. ज्यांना हिरवा आणि तपकिरी वेगळा दिसत नाही, त्यांच्या दृष्टीने दोन्ही चिन्हे एकच होती. २०२० सालच्या लेबलिंग नियमांनी तपकिरी ठिपक्याच्या जागी तपकिरी त्रिकोण आणला आणि केवळ रंगावर विसंबलेली खूण आकारावर आली. औषधांच्या पट्टीवरची उभी लाल रेघ मात्र अजून दुर्बळ आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे औषध घेऊ नये, असा तिचा अर्थ. २०१६ साली आरोग्य मंत्रालयाने प्रतिजैविकांच्या संदर्भात तिच्यासाठी मोहीमही काढली. पण ज्या खोक्यावर आधीच लाल पट्टे आणि लाल बोधचिन्हे असतात तिथे एक लाल रेघ कोणाच्या लक्षात येणार? निदान तिच्या आसपास दुसरा लाल रंग येऊ नये, एवढे पथ्य आम्ही पाळतो.

आणि मग कालनिर्णय. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी ते सुरू केले, आणि मराठी घरांत माहितीची इतकी दाट मांडणी करणारी दुसरी कोणतीही छापील वस्तू मला ठाऊक नाही. एका लहान चौकटीत तारीख, तिथी, नक्षत्र, सण, संकष्टी असेल तर चंद्रोदयाची वेळ, आणि पान उलटले की लेख, पाककृती, राशिभविष्य. डिझाइनच्या कोणत्याही परदेशी नियमाप्रमाणे हे फार झाले म्हणावे लागेल, तरी सत्तरीतली बाई चष्म्याशिवाय लांबून तारीख पाहते आणि चष्मा लावून जवळ गेली की तिथी वाचते. दोन अंतरांवरून वाचायचे दोन थर एकाच चौकटीत बसवले आहेत. याहून मोठी गोष्ट अशी की लोक त्यावर लिहितात: गॅसची टाकी कधी लावली, दूध कोणत्या दिवशी आले नाही, कामवाल्या मावशींच्या सुट्ट्या कोणत्या. तिथे लिहा असे कोणी सांगितलेले नाही. नाओतो फुकासावा हे जपानी डिझाइनर छत्रीचे जे उदाहरण देतात ते याच जातीचे आहे. छत्री भिंतीला टेकवताना माणूस नकळत तिचे टोक फरशीच्या फटीत रोवतो. तेव्हा छत्र्यांसाठी वेगळा स्टँड करण्याऐवजी भिंतीपासून थोड्या अंतरावर जमिनीत एक खाच पाडली तरी काम होते. जुलैत ठाण्यातल्या कोणत्याही कचेरीच्या दाराशी हे रोज दिसते. माणसे जे आधीपासूनच करतात ते पाहायचे आणि त्याला जागा करून द्यायची.

सध्या आमच्याकडे डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या औषधाचे खोके आले आहे. बाटली उघडल्यापासून एका महिन्यात औषध वापरावे, असा मजकूर त्यावर असतो, पण बाटली कधी उघडली हे पंधरा दिवसांनी कोणाच्या लक्षात राहते? बॅच आणि तारीख छापण्यासाठी खोक्याच्या एका झडपेवर वॉर्निश, म्हणजे छपाईवरचा चकचकीत लेप, न लावलेला पट्टा सोडावाच लागतो, नाहीतर शाई पुसली जाते. तोच पट्टा थोडा लांबवून त्यावर ‘उघडल्याची तारीख’ असे छापावे आणि पुढे बॉलपेनने लिहिण्याजोगी जागा ठेवावी, असे मी सुचवले आहे. त्यासाठी नवा रंग लागत नाही, खोके कापायची डाय बदलावी लागत नाही, फक्त वॉर्निशची प्लेट नव्याने करावी लागते. कंपनीचे म्हणणे असे की लोक खोके फेकून देतात आणि बाटली तेवढी ठेवतात, त्यामुळे ही जागा बाटलीच्या लेबलावरच हवी. ते बरोबर आहे. आता बाटलीच्या एवढ्याशा लेबलावर तेवढी कोरी जागा कुठून काढायची, यावर काम चालू आहे. माझ्या मते कंपनीचे चिन्ह दोन मिलिमीटरने लहान केले तर ती निघते.